गाभोळी का आटली? टिकवणीची रसायने आणि पंचगंगेतले मासे

प्रयागकाठ

नमस्कार मंडळी. मी प्रयाग चिखलीचा. आमच्या घरात तीन पिढ्या मासेमारी झाली. वडील अजूनही उन्हाळ्यात जाळे घेऊन नदीवर जातात. मी मात्र नोकरीला लागलो.

मेच्या शेवटच्या आठवड्यात वडिलांनी आणलेला एक मोठा रोहू आईने चिरला. पोटात गाभोळी होती, पण एका बाजूची पिशवी जेमतेम बोटाएवढी भरलेली आणि दुसऱ्या बाजूची चपटी, ओल्या कागदासारखी निघाली. आईने ती ताटलीत बाजूला काढून ठेवली आणि वडिलांना हाक मारली. वडील बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "या दिवसांत सुरी लावायच्या आत गाभोळी बाहेर यायची." पाऊस पडला की चढणीचे, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढणारे, मासे येतात, पण आता ते पूर्वीसारखे येत नाहीत, हे तर ते गेली कित्येक वर्षे सांगतच आहेत.

शांपू, क्रीम, औषधे, सरबते खराब होऊ नयेत म्हणून जी परिरक्षके, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह घालतात, त्यांमुळे माशांच्या प्रजननावर परिणाम होतो असे मी अलीकडे वाचले. कोल्हापूरचे सांडपाणी शेवटी पंचगंगेतच जाते. या दोन गोष्टींचा काही संबंध आहे का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

अनघा_प्राणीशास्त्र

प्रयागकाठ, प्रश्न चांगला आहे आणि तुमच्या आईंनी गाभोळी नीट पाहिली हे त्याहून चांगले झाले. मी महाविद्यालयात प्राणीशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडे मुळापासून लिहिते.

मादीच्या अंड्यात जो पिवळा बलक भरतो, त्याचा कच्चा माल अंडाशयात नव्हे तर यकृतात तयार होतो. अंडाशयातून इस्ट्राडायॉल हे इस्ट्रोजेन गटातले संप्रेरक रक्तात येते, यकृताला निरोप मिळतो, यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन बनवते आणि ते रक्तावाटे अंड्यांत जाऊन साठते. नराच्या यकृतातही हे प्रथिन बनवण्याची जनुके असतात, पण निरोपच येत नसल्यामुळे ती गप्प राहतात. म्हणून नर माशाच्या रक्तात व्हायटेलोजेनिन भरपूर सापडले, तर पाण्यातून कोणीतरी इस्ट्रोजेनचा खोटा निरोप पाठवत आहे असे समजतात. माशांवरच्या २१ दिवसांच्या प्रमाणित चाचण्यांत हीच खूण मोजली जाते.

परिरक्षकांपैकी ज्यांच्याबद्दल हा संशय सर्वांत ठोस आहे ती पॅराबेन कुळातली रसायने. मिथाइल, इथाइल, प्रोपिल, ब्युटिल अशी त्यांची नावे वेष्टनावर बारीक अक्षरांत असतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अजून वयात न आलेल्या रेनबो ट्राउट माशांना इथाइल, प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन टोचले, तेव्हा त्यांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन वाढले. रेणूतली कार्बनची साखळी जितकी लांब तितका परिणाम अधिक, म्हणजे मिथाइल सर्वांत सौम्य आणि या चौघांत ब्युटिल सर्वांत तीव्र. मात्र त्या प्रयोगातली मात्रा माशाच्या दर किलो वजनाला शंभर मिलिग्रॅमच्या वर होती. नदीतला मासा एवढे कधीच घेत नाही. म्हणजे रसायनाच्या अंगी हा गुण आहे हे सिद्ध झाले. आपल्या नदीत तो परिणाम घडतो आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही.

रंकाळावेस

माशांना फॉर्मेलिन लावतात तो हाच प्रकार ना? मध्यंतरी त्यावरून मोठा गाजावाजा झाला होता आणि आम्ही महिनाभर सुरमई आणली नव्हती.

अनघा_प्राणीशास्त्र

रंकाळावेस, नाही, तो विषय वेगळा आहे. २०१८ साली केरळ आणि गोव्यात जो गदारोळ झाला, तो मेलेला मासा ताजा दिसावा म्हणून फॉर्मेलिन लावण्याबद्दल होता. तो खाणाऱ्याच्या आरोग्याचा प्रश्न. माशांना फॉर्मेलिन लावायला आपल्याकडे परवानगी नाही, आणि कोचीच्या केंद्रीय मात्स्यिकी तंत्रज्ञान संस्थेने ते ओळखायच्या चाचणीपट्ट्याही काढल्या आहेत. इथे आपण जिवंत माशाच्या वंशवाढीबद्दल बोलत आहोत.

मत्स्यबीज

फॉर्मेलिनचा विषय निघालाच आहे तर आमच्या धंद्यातले सांगतो, कारण जिवंत माशाशीही त्याचा संबंध येतो. मी बारा वर्षे मत्स्यबीज केंद्रावर काम केले आहे. अंड्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी चढते. एका मेलेल्या अंड्यावरून ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते आणि रात्रीत सगळी खेप नासते. तिच्यासाठी फॉर्मेलिनचे पाणी थोड्या मिनिटांसाठी देतात आणि लगेच स्वच्छ पाणी सोडतात. मात्रा चुकली, किंवा पाणी सोडायला उशीर झाला, तर बुरशीबरोबर अंडीही जातात. माझ्या हातून एकदा असे झाले आहे. सकाळी हापा, म्हणजे अंडी ठेवायची कापडी जाळी, उचलला तेव्हा काचेसारखी पारदर्शक दिसायला हवीत ती अंडी दुधी पडली होती. अंड्याचे कवच किती नाजूक असते हे त्या दिवशी मला कळले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. चिलापीच्या सगळ्या पिल्लांचे नर करायचे असतील तर पिल्ले पोहू लागताच साधारण तीन ते चार आठवडे खाद्यातून मिथाइल टेस्टोस्टेरॉन देतात. प्रमाण एक किलो खाद्याला ६० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभरही नाही. तेवढ्यावर जवळजवळ सगळी पिल्ले नर होतात. हेच संप्रेरक मोठ्या माशाला दिले तर तो मादीचा नर होत नाही. म्हणजे पिल्लाच्या आयुष्यात काही आठवडे असे असतात की तेव्हा बाहेरून आलेली अगदी थोडी गोष्टही कायमचा बदल करून जाते. प्रयोगात मोठ्या माशाला काही झाले नाही म्हणून पाणी निर्धोक आहे, असे कोणी म्हणू लागले की मला ही पिल्ले आठवतात.

उजळणी

मी पाणीपुरवठ्याच्या कामातून निवृत्त झालेला अभियंता आहे. सर्वांचा आदर राखून मतभेद नोंदवतो.

पंचगंगेत मासे मरतात ते शांपूमुळे नव्हे. दर उन्हाळ्यात राजाराम बंधाऱ्यापासून तेरवाड बंधाऱ्यापर्यंत कुठे ना कुठे मेलेल्या माशांचा खच दिसतो. त्याचे कारण उघड आहे: पात्रातले पाणी आटलेले, त्यात नाल्यांचे मैलापाणी आणि मळीमिश्रित पाणी येते, आणि ते कुजताना पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले आहेत आणि पंचगंगा त्यात आहे. ती यादी सांडपाण्यामुळे होणाऱ्या प्राणवायूच्या मागणीवर बेतलेली होती. पॅराबेन त्यात कुठेही नाही.

शिवाय पॅराबेन हे टिकून राहणारे रसायन नव्हे. हवा घालून जिवाणूंकरवी सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात त्याचा बहुतांश भाग मोडतो. कसबा बावड्याचे ७६ एमएलडीचे (दिवसाला ७६ दशलक्ष लिटरचे) केंद्र नीट चालले, तर हा प्रश्न तिथेच बराचसा सुटतो. आहे तो मोठा रोग सोडून बारीक रोगाच्या मागे लागू नये, एवढेच माझे म्हणणे.

शिरोली_वर्कशॉप

उजळणी काकांचे मैलापाण्याबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण परिरक्षक म्हटले की सगळे शांपूच का धरतात, हे मला समजत नाही. माझे शिरोलीत छोटे मशीन शॉप आहे. आम्ही लेथ आणि व्हीएमसी या धातू कापणाऱ्या यंत्रांवर थंडाव्यासाठी जे कुलंट वापरतो ते म्हणजे पाण्यात मिसळलेले तेल. पाणी आणि तेल एकत्र, त्यात कास्टिंगची भुकटी आणि हाताची घाण. जिवाणूंना याहून चांगले घर नाही. दोन दिवस मशीन बंद राहिले की टाकीवर साय धरते आणि सुट्टीनंतर शटर उघडताच कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो येऊ नये म्हणून कुलंटमध्ये आधीच जंतुनाशक घातलेले असते आणि वरून आम्हीही बाटलीतले ओततो. त्यातली बरीच औषधे हळूहळू फॉर्माल्डिहाइड सोडणारी असतात, काही आयसोथायाझोलिनोन गटातली.

खराब झालेले कुलंट नियमानुसार प्रक्रियेला द्यायचे असते. आम्ही पिंपात साठवून देतो. त्याला पैसे लागतात, आणि सगळेच देतात असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पावसाळ्याच्या पहिल्या जोरदार सरीत काही ओढ्यांवर जो दुधाळ पांढरा तवंग येतो, तो काय असतो हे आमच्या धंद्यातल्या माणसाला वासावरून कळते. आणि चढणीचे मासे येतात तेही त्याच पहिल्या पावसात.

प्रयागकाठ

हे शेवटचे वाक्य मी वडिलांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "पहिल्या पाण्याला कडू वास असतो तो आम्हालाही माहीत आहे."

अनघा_प्राणीशास्त्र

उजळणी सर, प्राणवायूचा मुद्दा तुम्ही आणलात ते बरे झाले, कारण तो प्रजननापासून वेगळा नाही. प्राणवायू फार कमी झाला तर मासा मरतो. थोडा कमी राहिला तर मासा जगतो, पण त्याची संप्रेरके बिघडतात. कार्प माशांवर हाँगकाँगमध्ये झालेल्या आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कमी प्राणवायूत ठेवलेल्या माशांची अंडी आणि शुक्रपेशी नीट पक्व झाल्या नाहीत. पुढे झेब्राफिशवरच्या प्रयोगात कमी प्राणवायूत वाढलेल्या पिल्लांमध्ये नरांचे प्रमाण वाढले. म्हणजे मळीमुळे नुसते मासे मरत नाहीत, उरलेल्यांची गाभोळीही बिघडू शकते.

इंग्लंडमधले उदाहरण तर प्रसिद्धच आहे. तिथल्या नद्यांत सांडपाणी केंद्रांच्या खालच्या बाजूला रोच जातीच्या नरांच्या वृषणांत अंडी सापडू लागली. पिंजऱ्यात ट्राउट ठेवून पाहिले, तर नरांच्या रक्तात व्हायटेलोजेनिन भरमसाट वाढले. १९९८ सालच्या मोठ्या पाहणीत हा प्रकार अनेक नद्यांत दिसला. तिथे मुख्य दोषी ठरली ती माणसाच्या मूत्रातली नैसर्गिक संप्रेरके, गर्भनिरोधक गोळ्यांतले कृत्रिम इस्ट्रोजेन आणि धुलाईच्या रसायनांपासून बनणारे नोनिलफिनॉल. पॅराबेन त्या यादीत वर नव्हते, हे मी मान्य करते.

पण एकेकटे रसायन निर्दोष आहे म्हणून सोडून देता येत नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या फॅटहेड मिनो माशांवरच्या प्रयोगात पाच इस्ट्रोजेनसदृश रसायने प्रत्येकी इतक्या कमी प्रमाणात घेतली की एकट्याने काहीच परिणाम होऊ नये. पाचही एकत्र केल्यावर मात्र परिणाम स्पष्ट दिसला. कोल्हापूरचे सांडपाणी नदीत आणणाऱ्या जयंती नाल्यात पाच नव्हे, शेकडो रसायने एकत्र वाहतात.

दुधाळीचा_मी

मला एक प्रश्न पडला आहे. नराला थोडे प्रथिन जास्त झाले, तर त्याने खरोखर मासे कमी होतात का? की ही नुसती प्रयोगशाळेतली खूण आहे?

अनघा_प्राणीशास्त्र

दुधाळीचा_मी, याचे उत्तर कॅनडाने एक अख्खे तळे वापरून दिले. ओंटारियो प्रांतात प्रयोगांसाठी राखून ठेवलेली तळी आहेत. त्यांतल्या तळे क्रमांक २६० मध्ये २००१ ते २००३ अशी तीन वर्षे गर्भनिरोधक गोळीतले इस्ट्रोजेन सोडले. प्रमाण लिटरला साधारण ५ ते ६ नॅनोग्रॅम, म्हणजे शंभर कोटी लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम. नरांमध्ये व्हायटेलोजेनिन वाढले, वृषणांची वाढ खुंटली, माद्यांच्या अंड्यांत गडबड झाली आणि फॅटहेड मिनोची संख्या तळ्यातून जवळजवळ संपली. तळ्यात मेलेल्या माशांचा खच कुठेही दिसला नाही, फक्त नवी पिल्ले येईनाशी झाली. सोडणे थांबवल्यावर काही वर्षांत मासे पुन्हा वाढले, हे मी मुद्दाम नोंदवते.

उजळणी

अनघाताई, हा आकडा वाचून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. राधानगरी धरण भरले की ८.३६ टीएमसी पाणी असते. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर, म्हणजे धरणात २३,६७० कोटी लिटरच्या आसपास. लिटरला ५ नॅनोग्रॅम धरले, तर शाहू महाराजांचे अख्खे राधानगरी धरण त्या पातळीला आणायला सुमारे १.२ किलो पुरते. साखरेच्या एका पुड्याएवढे! मी आयुष्यभर पाण्याचे हिशेब केले, पण हा आकडा मी दोनदा तपासला.

आता दुसरी बाजू. १९९८ सालच्या यीस्टवरच्या चाचणीत ब्युटिल पॅराबेन नैसर्गिक इस्ट्राडायॉलच्या सुमारे दहा हजार पट सौम्य निघाले आणि मिथाइल पंचवीस लाख पट. म्हणजे तोच परिणाम ब्युटिल पॅराबेनने साधायचा तर किलोच्या जागी किमान बारा टन लागतील, आणि मिथाइल पॅराबेनने तर हजारो टन. एवढे कोणी राधानगरीत ओतत नाही. म्हणून पॅराबेन एकटे दोषी नाही, हे माझे म्हणणे कायम आहे.

पण एक गोष्ट माझ्या पहिल्या प्रतिसादात राहून गेली ती कबूल करतो. मेमधली पंचगंगा म्हणजे राधानगरी धरण नव्हे. त्या दिवसांत बंधाऱ्यामागे साठलेल्या पाण्यात वरून ताजे पाणी फार थोडे येते आणि नाल्याचे पाणी रोज येते. पातळ व्हायला पाणीच नसेल, तर माझा भागाकार चालत नाही. शिवाय पॅराबेन मोडते हे खरे असले, तरी ते रोज नव्याने येत असेल तर माशाच्या दृष्टीने ते कायमच आहे.

इचलकरंजीकर

आमच्याकडचेही लिहितो. यंत्रमागावर ताणा चढवण्याआधी सुताला खळ देतात. ती खळ स्टार्चची, म्हणून तिला बुरशी लागते, म्हणून तिच्यात बुरशीनाशक घालतात. पूर्वी जगभर यासाठी पेंटाक्लोरोफिनॉल वापरत. जर्मनीने १९८९ साली त्यावर बंदी घातली, तेव्हा आपल्या देशातल्या चामडे निर्यातदारांची धावपळ झाली होती, कारण कातड्यालाही तेच लावत. कापड धुताना ती सगळी खळ परत पाण्यात येते. अनघाताईंनी नोनिलफिनॉलचे नाव घेतले, तेही कापड धुण्याच्या साबणी रसायनांतूनच येते. तेव्हा कोल्हापूरच्या खाली नदीत आणखी काय मिसळते ते आम्हालाच विचारा.

ताराबाई_पार्क

कोल्हापुरी चपलेच्या कातड्यालाही लावतात का?

इचलकरंजीकर

पारंपरिक कोल्हापुरीचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावतात आणि कच्चे कातडे मिठात टिकवतात. तिला या वादात ओढू नये.

गुळाची_ढेप

गुऱ्हाळात हायड्रॉस वापरतात, तेही परिरक्षकच ना? आमच्या गावाजवळचा ओढा गुऱ्हाळाच्या दिवसांत काळा पडतो.

अनघा_प्राणीशास्त्र

हायड्रॉस मुख्यतः गुळाचा रंग उजळ यावा म्हणून घालतात. त्याचा इस्ट्रोजेनशी संबंध नाही, पण ते पाण्यात गेले की तिथला प्राणवायू खाते. ओढा काळा पडण्याचे कारण मात्र बहुधा मळी आणि रसाची धुवण हेच असेल. भेंडीच्या रसावर केलेला गूळ थोडा काळसर दिसतो म्हणून नाकारू नका, एवढे गिऱ्हाइकांनी केले तरी पुष्कळ झाले.

स्वयंपाकघर

मी रसायने जाणत नाही. मला एवढेच सांगा, घरात कोणती बाटली आणू नये? आणि लोणच्या-सरबतातले सोडियम बेंझोएटही माशांना बाधते का?

अनघा_प्राणीशास्त्र

ताई, सोडियम बेंझोएटची चिंता या बाबतीत कमी करावी. झेब्राफिशच्या पिल्लांवर त्याचे परिणाम दिसले ते लिटरला शेकडो ते हजाराहून अधिक मिलिग्रॅम इतक्या प्रमाणात, आणि ते पाण्यात लवकर मोडते.

बाटलीवर प्रोपिल पॅराबेन किंवा ब्युटिल पॅराबेन असेल तर दुसरी घ्यावी. युरोपीय संघाने २००६ साली खाण्याच्या पदार्थांतून प्रोपिल पॅराबेन काढले आणि २०१४ साली सौंदर्यप्रसाधनांतले या दोघांचे प्रमाण ०.१४ टक्क्यावर आणले. आयसोप्रोपिल, आयसोब्युटिल वगैरे पाच प्रकार तर बंदच केले. डेन्मार्कने तीन वर्षांखालच्या मुलांच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्युटिल २०११ सालीच थांबवले होते. जंतुनाशक साबणातले ट्रायक्लोसान अमेरिकेने २०१६ साली बंद ठरवले. ते सांडपाणी केंद्रात गाळाला चिकटते आणि गाळाबरोबर शेतात जाते, म्हणून केंद्रात ते नाहीसे झाले असे समजू नये.

मात्र 'पॅराबेनमुक्त' लिहिले की काम झाले असेही नाही. पॅराबेन काढल्यावर बऱ्याच कंपन्यांनी मिथाइल आयसोथायाझोलिनोन घातले. त्याने लोकांच्या अंगावर इतका पुरळ उठू लागला की अंगावर तशाच राहणाऱ्या क्रीममधून ते युरोपात २०१७ साली काढावे लागले. जलचरांना ते तीव्र विषारी आहे. शिरोलीच्या दादांच्या कुलंटमध्येही तेच कूळ आहे. पाणी असलेली कोणतीही वस्तू महिनोन्महिने टिकवायची तर तिच्यात जंतूंना मारणारे काहीतरी लागणारच. म्हणून लागेल तेवढीच घ्यावी, लागेल तेवढीच वापरावी आणि उरलेली बेसिनमध्ये ओतू नये.

स्वयंपाकघर

उरलेले खोकल्याचे औषध आणि जुनी क्रीम मी आजवर बेसिनमध्येच ओतत आले. आता थांबवते.

भोगावती

सगळे प्रतिसाद वाचले. रसायनांबद्दल जाणकार बोलले आहेत. मी नदीतले अडथळे सांगतो. आपल्याकडे नदीवर जागोजाग कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपला की पाणी अडवायला त्यांत बरगे, म्हणजे काढ-घाल करायच्या फळ्या, घालतात आणि पावसाच्या आधी काढतात. ते वेळेवर निघाले नाहीत, तर चढणीचा मासा भिंतीला डोके आपटत राहतो. आमच्या बंधाऱ्यावर एका वर्षी बरगे काढायला उशीर झाला, तेव्हा खालच्या डोहात वाम, शिंगटी, रोहू एकमेकांवर चढून पाण्याबाहेर उड्या मारत होते. लोकांनी पाट्या भरून नेल्या. त्यातल्या प्रत्येक मादीच्या पोटात गाभोळी होती.

तरीही वरच्या अंगाला, राधानगरीच्या दिशेने, मला अजून मरळीची पिल्ले दिसतात. काठाच्या गवतात तांबड्या-नारिंगी पिल्लांचा एक गोळा वर येतो, श्वास घेतो, खाली जातो, आणि त्याच्या खाली आई किंवा बाप काळ्या सावलीसारखा राखण करत असतो. शहराच्या खाली असा गोळा मी कित्येक वर्षांत पाहिलेला नाही. नदी तीच आणि पाऊसही तोच असताना असे का व्हावे?

मत्स्यबीज

भोगावती, बरग्यांचा मुद्दा मूळ प्रश्नाला थेट लागू पडतो. पक्व मादीला वेळेत वाहते पाणी आणि अंडी घालायची जागा मिळाली नाही, तर ती अंडी अंगातच जिरवते. गाभोळी लिबलिबीत होते, चपटी होते. तलावात कोंडलेल्या रोहू, कटला, मृगळ यांचे असेच होते. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावले, म्हणून आज आमची केंद्रे चालतात. प्रयागकाठच्या आईंनी पाहिलेली ती कागदासारखी पिशवी मी वाचली तेव्हा माझ्या मनात आधी हेच आले. पण मेअखेरीला, पावसाच्या आधीच अंडी जिरलेली असावीत, हे मला पटत नाही. आणि एकाच बाजूची पिशवी रिकामी असावी, हे तर मुळीच नाही.

अनघा_प्राणीशास्त्र

मलाही नाही. पण एका माशावरून निदान करता येत नाही. तो मासा म्हातारा असेल, रोगट असेल, जखमी झालेला असेल. भोगावतींनी सांगितलेला फरक मात्र तपासण्याजोगा आहे, कारण शहराच्या वरचे आणि खालचे पाणी एकाच पावसाचे, एकाच हंगामाचे आहे.

प्रयागकाठ, तुमच्या वडिलांना विचाराल का? खर्च काही नाही. मासा विकण्याआधी किंवा चिरताना तीन गोष्टी लिहायच्या: माशाचे वजन, गाभोळीच्या दोन्ही पिशव्यांचे वेगवेगळे वजन, आणि मासा कुठे मिळाला. गाभोळीचे वजन भागिले माशाचे वजन गुणिले शंभर, हा आकडा मत्स्यशास्त्रात जगभर वापरतात. नर असेल तर वृषण बघायचे: पांढरे, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना सारखे हवेत. त्यात दाणे दिसले, तर तो तुकडा फॉर्मेलिनच्या बाटलीत ठेवून मला द्यावा. विच्छेदन आणि सूक्ष्मदर्शकाचे काम मी माझ्या विद्यार्थ्यांकडून करून घेईन. शिंगटी, मरळ यांसारखे नदीतच वाढलेले मासे आधी घ्यावेत. रोहू-कटला बऱ्याचदा सोडलेल्या बीजाचे असतात.

भोगावती

वरच्या अंगाचे मासे मी लिहून ठेवतो. माझ्याकडे सोनाराचा जुना तराजू आहे, ग्रॅमच्या खालचेही दाखवतो.

शिरोली_वर्कशॉप

पहिल्या पावसाला आमच्या ओढ्याचे पाणी बाटलीत भरून आणतो. कुठे पोहोचवायचे ते अनघाताईंनी सांगावे.

उजळणी

बरगे कोणत्या बंधाऱ्याचे कोणत्या तारखेला निघाले, हे मी दरवर्षी पाटबंधारे खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारून इथे लिहीन. ते न लिहिता गाभोळीचे आकडे ताडून पाहिले, तर निष्कर्ष चुकेल.

प्रयागकाठ

सर्वांचे मनापासून आभार. वडिलांना सगळे वाचून दाखवले. आधी ते म्हणाले, "मासा मोजून विकायचा की मोजून रडायचे?" रात्री जेवताना मात्र त्यांनीच वहीची आठवण काढली.

काल संध्याकाळी पहिली नोंद झाली. शिंगटी, मादी, राजाराम बंधाऱ्याच्या वरच्या बाजूला. वजन ६२० ग्रॅम. गाभोळी उजवी ३४ ग्रॅम, डावी ३१ ग्रॅम. आईने दोन्ही पिशव्या वेगवेगळ्या वाटीत ठेवून वजन केले आणि वहीत आकडे तिनेच लिहिले. आज वडील बंधाऱ्याच्या खाली गेले आहेत.

अनघा_प्राणीशास्त्र

६५ भागिले ६२०, म्हणजे साडेदहा टक्के. ही मादी भरलेली आहे. खालच्या माशांची वाट बघते.